सुरक्षेची रणनीती की सुरक्षेचं धोरण?

‘नॅशनल सिक्युरिटी स्ट्रॅटेजी’ला मराठीत राष्ट्रीय सुरक्षा रणनीती म्हणायचं की धोरण, क्लासच्या नोट्समध्ये दोन्ही दिलंय, असं विचारलंयस. तू नाशिकचीच, म्हणून उदाहरणं पण इथलीच देतो.

माझं मत धोरण. रणनीतीत ‘रण’ आहे, म्हणजे लढाई समोर येऊन ठाकली की काय करायचं ते. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परत येत होते, वणी-दिंडोरीच्या भागात मोगल सरदार दाऊदखान आडवा आला, मग खजिना पुढे काढला नि बाकीच्यांनी मोगलांना तिथंच अडवलं, ही रणनीती. पण पुढच्याच वर्षी साल्हेर घेतला, कारण सुरतेकडून दख्खनमध्ये यायची वाट बागलाणातून जाते, हे धोरण.

सरकारी कामात तर रण फार उशिरा येतं. आधी देशाचं हित कशात आहे, धोका कुणाकडून, हाताशी पैसा नि माणसं किती, मग फौज, परराष्ट्र खातं, तेल, सायबर हे सगळं एका सुतात ओवायचं. आपल्याकडे यासाठी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या अध्यक्षतेखाली स्ट्रॅटेजिक पॉलिसी ग्रुप आहे, त्यात २०१८ च्या रचनेप्रमाणे तिन्ही दलांचे प्रमुख आहेत, वेगवेगळे सचिव आहेत आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर पण आहेत. आता गव्हर्नरसाहेबांना कसलं रण! अमेरिकेत तर १९८६ च्या कायद्यानं राष्ट्राध्यक्षाला नॅशनल सिक्युरिटी स्ट्रॅटेजी नावाचा दस्तऐवज त्यांच्या संसदेला द्यावाच लागतो, पहिला १९८७ मध्ये दिला.

तू म्हणशील धोरण म्हणजे पॉलिसी. हो, वाळू धोरण, उद्योग धोरण करून करून सरकारनंच तो शब्द बोथट केलाय. पण ‘धोरणी माणूस’ म्हणताना आपल्याला काय म्हणायचं असतं? दिंडोरीचा द्राक्षवाला सगळी बाग एकदम छाटत नाही, टप्प्याटप्प्यानं छाटतो, मधे अवकाळी आला किंवा भाव पडला तरी काहीतरी हाताला लागावं म्हणून. त्याला आपण धोरणी म्हणतो, रणनीतीकार नाही म्हणत.

टॅक्टिक्सला सरळ डावपेच लिही. पॉलिसी आणि स्ट्रॅटेजी एकाच वाक्यात आले तर मी स्ट्रॅटेजी तशीच ठेवतो. आणि डॉक्ट्रिन, म्हणजे आपल्या देशाचं ते २००३ चं अण्वस्त्रं आधी वापरणार नाही वालं, त्याला पण पेपरवाले धोरणच लिहितात, तिथं मात्र माझीही पंचाईत होते.