विचारा बाईंना : ‘ऐ मालिक’ कुणाचं?

बाई, नातीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ म्हटलं. निवेदन करणारे सर म्हणाले, ‘आता एक पारंपरिक प्रार्थना.’ मला तर हे सिनेमातलं गाणं वाटतं. कुणाचं आहे? आणि इतकं घरोघरी गेलेलं गाणं देणाऱ्या माणसाचं नाव कुणी का घेत नाही?
— एक आजोबा, चिपळूण

आजोबा, तुमचं बरोबर आहे. हे १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मधलं गाणं. शब्द भरत व्यासांचे, गळा लताबाईंचा आणि चाल वसंत देसाईंची. सरांवर मात्र फार रागावू नका. मी शाळेत संगीत शिकवत होते तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीतही हाच समज होता. कुणी म्हणे आश्रमातली प्रार्थना आहे, कुणी म्हणे जुनं भजन. सिनेमातलं आहे म्हटलं की मंडळी जरा हिरमुसायची, जणू सिनेमात जन्मलेली प्रार्थना कमी पवित्र!

देसाई तुमच्या कोकणातलेच. जन्म ९ जून १९१२, कुडाळजवळच्या सोनवड्याचा. तेव्हा तो मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली आणि हा कोवळा मुलगा तिथे जाऊन चिकटला. पुढची बारा-तेरा वर्षं त्यांचं शिक्षण तिथेच झालं. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशी माणसं चाली बांधताना जवळून बघायला मिळणं ही काय चीज आहे, ते संगीत शिकणाऱ्यालाच कळेल. १९४२ मध्ये शांतारामबापूंनी प्रभात सोडून परळला राजकमल कलामंदिर उभं केलं, तेव्हा देसाई त्यांच्याबरोबर होते. राजकमलच्या पहिल्या ‘शकुंतला’चं संगीत त्यांचं, ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’चं त्यांचं, ‘अमर भूपाळी’चं त्यांचं. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ आजही पहाटे लागते ना? शब्द होनाजी बाळाचे, चाल देसाईंची. तीही लोक पारंपरिकच समजतात.

नाव का मागे पडलं, याबद्दल माझं मत सांगते, पटलं तर घ्या. देसाई एका साच्यात बसत नाहीत. नौशाद म्हटलं की एक बाज कानात उभा राहतो, शंकर-जयकिशन म्हटलं की वाद्यवृंदाचा तो भरगच्च नाद. देसाईंचा असा शिक्का नाही, कारण ते आधी गाणाऱ्याचा गळा बघत. ‘झनक झनक पायल बाजे’चं शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँसाहेबांकडे दिलं तर अडाणा राग असा बांधला की खाँसाहेबांना कुठेही आवरून गावं लागलं नाही. त्याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात शिवकुमार शर्मा नावाच्या तरुणाचं संतूर वाजलं, तेही सिनेमात संतूर कुणी फारसं ऐकलं नव्हतं तेव्हा. ‘गूँज उठी शहनाई’मध्ये बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई आहे, आणि तिच्याभोवतीची गाणी सनईला मान देऊन मागे सरतात. आणि ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये, तुरुंगातले सहा कैदी नि एक खेळणी विकणारी बाई यांच्या गोष्टीत प्रार्थना हवी, तर ती कुणालाही म्हणता येईल अशी. जी चाल कुणालाही म्हणता येते, ती हळूहळू सगळ्यांची होते आणि बांधणाऱ्याची राहत नाही. त्यात त्यांचा अर्धा जीव मराठी रंगभूमीत आणि शाळकरी मुलांच्या समूहगानात अडकलेला. मैदानात शेकडो मुलं उभी करून एका सुरात गाऊन घ्यायची त्यांना हौस होती. या कामाला ना तबकडी, ना जाहिरात.

२२ डिसेंबर १९७५ ला मुंबईत, राहत्या इमारतीच्या लिफ्टच्या अपघातात ते गेले. वय अवघं त्रेसष्ट.

बाई, मी परीक्षेसाठी केदार करतेय. आरोह-अवरोह पाठ आहे, पण गायला लागले की सगळा यमनसारखा वाटतो. काय करू?
— एक विद्यार्थिनी, सांगली

यमनसारखा वाटतो, कारण तू ‘सा रे ग’ अशी पायरीपायरीने चढतेस. केदार तसा चढत नाही. तो ‘सा’वरून थेट शुद्ध मध्यमावर, म्हणजे ‘म’वर, उडी घेतो आणि तिथेच बसतो, मध्यम हा त्याचा वादी, म्हणजे मुख्य सूर. गंधार, म्हणजे ‘ग’, जवळजवळ लपवायचा. तीव्र मध्यम येतो तो पंचमाच्या अंगाने, त्याला स्वतंत्र खुर्ची नाही. हे वहीत लिहून येत नाही, म्हणून एक कर : ‘गुड्डी’तलं (१९७१) ‘हमको मन की शक्ति देना’ ऐक. गुलज़ारांचे शब्द, वाणी जयराम आणि कोरस, चाल पुन्हा देसाईंचीच. हो, शाळेत म्हटलेली ही प्रार्थना केदारात आहे. केदार वक्र, अवघड, मोठ्यांनी गायचा राग असं आपण मानतो, आणि तो या माणसाने गणवेशातल्या मुलींच्या तोंडी दिला! मी सहावीच्या वर्गाला ही प्रार्थना आधी नुसती म्हणायला लावायचे. रागाचं नाव घ्यायचेच नाही. तोंडात बसली की मग पेटी उघडून दाखवायचे, ‘बघा, तुम्ही केदार गाताय.’ पोरं फुशारून जायची.

तू उलटं कर. पेटी बंद ठेव, तानपुऱ्यावर फक्त मुखडा म्हण आणि प्रत्येक वेळी मध्यमावर थांबून बघ, आवाज हलतोय का. दोन्ही मध्यम आपोआप वेगळे व्हायला लागेपर्यंत ताना-बिनांच्या नादी लागू नकोस. आणि त्याच चित्रपटातलं ‘बोले रे पपीहरा’ लगेच ऐकू नकोस. ते मियाँ मल्हारात आहे, परीक्षेच्या तोंडावर डोक्यात गोंधळ होईल.

देसाई सिनेमात नटही होते म्हणतात, खरं का?
— एक वाचक, नागपूर

खरं. ‘खुनी खंजर’ या १९३० च्या मूकपटात ते होते, आणि ‘अयोध्येचा राजा’त त्यांचा आवाजही ऐकू येतो. त्या काळी कंपनीत शिरलेला मुलगा पडेल ते काम करायचा.

एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी संयुक्त राष्ट्रांत गायलेल्या संस्कृत गीताची चाल मराठी माणसाची आहे असं ऐकलं. तोही देसाईच का?
— एक वाचिका, बेळगाव

तेच. ‘मैत्रीं भजत’, ऑक्टोबर १९६६. रचना कांची कामकोटी पीठाच्या चंद्रशेखरेंद्र सरस्वतींची, चाल देसाईंची. कर्नाटक संगीतातल्या एवढ्या थोर गायिकेला कोकणातल्या माणसाची चाल द्यायची आणि ती तिच्या गळ्यात परकी वाटू द्यायची नाही, हे सोपं काम नव्हे. शिवाय याच माणसाने कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांच्याकडून ‘ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी’ गाऊन घेतलं. बाळ कोल्हटकरांचं नाटक, ‘देव दीनाघरी धावला’. दोन्ही लागोपाठ ऐका.

बाई, तुम्ही देसाईंचं सारखं कौतुकच करता. सगळं रागदारीच आहे हो त्यांचं! मजा कुठंय?
— एक कंटाळलेला वाचक, ठाणे

‘आशीर्वाद’मधली (१९६८) ‘रेलगाड़ी’ ऐकलीत का? अशोककुमारांनी स्वतः म्हटली आहे, शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांचे. चाल म्हणावी तर जवळजवळ नाहीच, नुसती बोलण्याची लय पळत सुटते आणि वाद्यं तिच्यामागे धावतात. कुठे गप्प बसायचं, हे कळणाराच असं करू शकतो. बाकी तुमचा मुद्दा अगदीच खोटा नाही. राजकमलच्या काही नृत्यगीतांत मला तबला नि घुंगरांचा भडिमार जास्त वाटतो, पडद्यावरच्या रंगांशी स्पर्धा चालल्यासारखा. तिथे मीही आवाज थोडा कमी करते.