पॅच पाठवलाय आणि परीक्षा तोंडावर

बडोद्याच्या वाचकांची या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत: कॉलेज सांभाळून ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पात स्वेच्छेने काम कसं करायचं? त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न: मी कलाभवनात संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत एका प्रकल्पाने माझे तीन छोटे पॅच (कोडमधले बदल) स्वीकारले. चौथा मोठा आहे, अर्धा लिहून झालाय, पण सत्र सुरू झाल्यापासून त्याला हात लागलेला नाही. रात्री जागून करावं तर सकाळचं प्रॅक्टिकल बुडतं. आठवड्याला किती तास ठेवावेत?
– फतेहगंज

उत्तर: तासांचा हिशेब नंतर, आधी कामाचं माप बघा. पॅच पाठवला की काम संपलं असं आपण धरून चालतो आणि गणित तिथेच फसतं. मेंटेनरची, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याची, त्यावर नजर पडायला कधी दोन दिवस लागतात, कधी तीन आठवडे. तोही बहुधा नोकरी करून उरलेल्या वेळात हे बघत असतो. त्याचे प्रश्न येतात ते नेमके इंटर्नलच्या आठवड्यात. तुम्ही गप्प बसता, तोवर मूळ कोड पुढे सरकतो आणि पॅच शिळा होऊन पडून राहतो. म्हणून लिहायला जितका वेळ लागेल तितकाच रिव्ह्यूसाठी, म्हणजे मेंटेनरच्या तपासणीसाठी, राखून ठेवा आणि परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांत नवीन काहीही पाठवू नका. काम हातात घेण्यापूर्वी एकच विचारा: हे मी मध्येच सोडलं तर कोणाचं काही अडेल का? अडणार असेल, तर ते काम सत्र चालू असताना घ्यायचं नाही.

चौथा पॅच पुरा करण्याच्या मागे लागू नका, तो फोडा. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ‘गिट ॲड’ला ‘पी’ हा पर्याय दिला की ते बदलाचा एकेक तुकडा समोर ठेवून घ्यायचा की नाही ते विचारतं. प्रोग्रामच्या वागण्यात फरक न पडणारे भाग, म्हणजे नावं सुधारणं, दोनदा लिहिलेलं फंक्शन एकत्र करणं, राहून गेलेल्या टेस्ट, एका कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एका नोंदीत, घाला. खरा बदल दुसऱ्यात. पहिला तुकडा शंभर ओळींच्या आत बसला तर वेगळी पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घ्यायची विनंती) करून लगेच पाठवा. एवढं वाचणाऱ्याला एका बैठकीत वाचता येतं, आणि दुसरा तुकडा कधी आलाच नाही तरी पहिला उपयोगी ठरतो. ब्रँच (कोडची तुमची वेगळी शाखा) दोन महिने जुनी असेल तर आधी अपस्ट्रीम, म्हणजे प्रकल्पाचा मूळ कोड, फेच करून तुमचे बदल त्याच्यावर रीबेस करा, म्हणजे नव्याने चढवा. तोच तो कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) पुन्हापुन्हा येत असेल तर गिटची ‘रीरीरी’ सोय चालू करा. एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट ती लक्षात ठेवते. परत पुश करताना (ब्रँच सर्व्हरवर चढवताना) नुसतं ‘फोर्स’ वापरू नका, ‘फोर्स-विथ-लीज’ वापरा. मध्यंतरी त्या ब्रँचवर दुसऱ्या कोणी काही टाकलं असेल तर ते त्याने पुसलं जात नाही.

आता तास. सत्र चालू असताना आठवड्याला पाच तास पुष्कळ झाले. त्यातले तीन सलग, रविवारी सकाळी, कोडसाठी. उरलेले दोन अर्ध्या-अर्ध्या तासाने चार संध्याकाळी, फक्त उत्तरं द्यायला. रोज वीस मिनिटं कोड लिहायचं ठरवलंत तर ती वीस मिनिटं ‘मागच्या वेळी कुठे होतो’ हे आठवण्यातच जातात. त्यासाठी उठण्यापूर्वी कोणती टेस्ट नापास होतेय, पुढची कमांड कोणती आणि शंका कुठे आहे, एवढं तीन ओळींत लिहून ठेवा. रविवारचा पहिला अर्धा तास वाचतो.

जागरणाची तर गरजच नाही. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा बर्लिनमध्ये उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार झालेले असतात. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ. आठ ते साडेनऊच्या दरम्यान चॅटवर विचारलंत तर दोन्हीकडची माणसं जागी सापडतात.

आणि परीक्षेच्या तीन आठवडे आधी इश्यूवर (त्या कामाच्या जाहीर नोंदीवर) स्पष्ट लिहा: अमुक तारखेपर्यंत मला वेळ नाही, झालेलं काम या ब्रँचवर आहे, हे राहिलंय, कोणाला पुढे न्यायचं असेल तर खुशाल न्या. मग स्वतःचं नाव त्या इश्यूवरून काढा आणि पुल रिक्वेस्टवर ‘ड्राफ्ट’ अशी खूण करून ठेवा. असं सांगून थांबलेल्या मुलाला मेंटेनर पुढच्या वेळी आनंदाने काम देतात. न सांगता गायब झालेल्याच्या नावावर इश्यू अडकून राहतो आणि दुसरा कोणी त्याला हात लावत नाही.

प्रश्न: हॉस्टेलचं वायफाय सारखं तुटतं, लॅपटॉप 8 जीबी रॅमचा आहे. मोठ्या प्रकल्पाचा कोड उतरवतानाच दोन रात्री गेल्या. पुशही होत नाही, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येतं.
– वाघोडिया रोड

उत्तर: गिट क्लोन (सगळा कोड उतरवणं) मध्येच तुटलं तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, राहिलेलं तिथून पुढे उतरवायची सोय त्यात नाही. म्हणून ‘डेप्थ 1’ देऊन फक्त शेवटची आवृत्ती घ्या. एखादी ओळ कोणी, कधी, का लिहिली हे मात्र त्यात दिसत नाही, बायसेक्टही (चूक कोणत्या बदलाने शिरली ते शोधणंही) करता येत नाही. तो इतिहास लागेल तेव्हा चांगल्या नेटवर ‘फेच अनशॅलो’ करा. दुसरा मार्ग ‘फिल्टर ब्लॉब नन’चा: इतिहास सगळा येतो, जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तसा उतरतो. लिनक्स कर्नलसाठी तयार बंडल फाइल मिळते. ती फाइल उतरवणाऱ्या ‘डब्ल्यूगेट’ला ‘सी’ पर्याय देऊन उतरवली तर तुटल्या जागेपासून पुढे चालू होते.

पुश न होण्याचं कारण बहुधा हॉस्टेलच्या फायरवॉलने पोर्ट 22 (एसएसएच या सुरक्षित जोडणीचा नेहमीचा मार्ग) बंद ठेवलंय हे असावं. गिटहब हे कोड ठेवायचं संकेतस्थळ एसएसएच 443 वरही घेतं. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये गिटहबच्या नोंदीखाली होस्टनेम ‘एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम’ आणि पोर्ट 443 लिहा. किंवा सरळ एचटीटीपीएसने पुश करा. तिथे पासवर्ड चालत नाही, टोकन (खात्यातून तयार केलेली गुप्त किल्ली) लागतं.

रॅमचं म्हणाल तर सी प्लस प्लसच्या जड प्रकल्पात कंपाइलरची एकेक प्रोसेस एक जीबीच्या वरही जाते. बिल्ड करणाऱ्या ‘मेक’ला आठ जॉब (एकाच वेळी चालणारी कामं) दिले की 8 जीबीचा लॅपटॉप स्वॅपमध्ये (रॅमऐवजी डिस्क वापरण्यात) जाऊन गोठतो. तीन-चारच द्या, ब्राउझर बंद करा. सगळ्यात जास्त मेमरी शेवटी लिंकिंगला (तुकडे जोडून प्रोग्राम बनवायला) लागते. डीबग माहिती बंद केली आणि प्रकल्पाला चालत असेल तर ‘एलएलडी’ किंवा ‘मोल्ड’ हा लिंकर घेतला तर ती अडचण बरीच कमी होते. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं साधन) पहिल्याच दिवशी बसवा. पहिलं बिल्ड त्याने वेगाने होणार नाही, दुसऱ्यापासून फरक कळेल.

एवढं करूनही जमत नसेल तर सत्रापुरता पायथनमधला प्रकल्प किंवा मराठी भाषांतराचं काम घ्या. फायरफॉक्सचं भाषांतर पाँटून नावाच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच होतं, काहीही कंपाइल करावं लागत नाही, आणि अर्धा तास मिळाला तर अर्ध्या तासाचंच काम करता येतं. मराठी नीट लिहिणाऱ्यांची तिथे खरोखर गरज आहे.

प्रश्न: माझा मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दार लावून हेच करत बसतो. पैसे कोणी देत नाही. शिकणाऱ्या मुलांना फुकट राबवून घेतात असं मला वाटतं. बंद करायला सांगू का?
– एक आई, दांडिया बाजार

उत्तर: ताई, बंद करायला सांगू नका. त्याला त्याच्या कमिटची यादी दाखवायला सांगा. कोणत्या दिवशी काय बदललं आणि तपासणाऱ्याने काय सुचवलं, हे सगळं त्याच्या नावानिशी जाहीर असतं आणि नोकरीच्या मुलाखतीत लोक ते उघडून बघतात. बहुतेक प्रकल्पांत त्याने लिहिलेल्या कोडचा कॉपीराइटही त्याच्याकडेच राहतो. प्रकल्पाला फक्त परवान्याखाली वापरायचा हक्क मिळतो. काही संस्था वेगळा करार करून घेतात, तो सही करण्याआधी घरी दाखव असं त्याला जरूर सांगा.

पैसे मिळण्याच्या वाटाही आहेत. ‘गुगल समर ऑफ कोड’ 2005 पासून चालू आहे, वय 18 पूर्ण लागतं आणि मानधन मिळतं. त्यात 90, 175 आणि 350 तासांचे प्रकल्प असतात. नेहमीचे बारा आठवडे धरले तर 175 तासांना आठवड्याला साधारण पंधरा तास होतात आणि 350 ला एकोणतीस. काम उन्हाळ्यात सुरू होतं, पण पुढचं सत्र उघडतं तेव्हा निम्मं बाकी असतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आम्ही 350 चा प्रकल्प घेऊ नये असंच सांगतो. मार्गदर्शकाशी ठरवून मुदत बावीस आठवड्यांपर्यंत वाढवता येते. अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास, म्हणजे परीक्षेच्या तोंडावर जातात. प्रस्तावाचा मसुदा फेब्रुवारीतच तयार हवा.

तुमची काळजी झोपेची असेल तर ती रास्त आहे. त्याला एवढंच विचारा की हे आज रात्रीच का संपवायचंय. स्वेच्छेच्या कामात याचं खरं उत्तर क्वचितच असतं. आणि हजेरी महिन्याला बघत जा. बहुतेक ठिकाणी 75 टक्क्यांची अट असते, तिच्या खाली गेल्यावर कोणत्याही प्रकल्पाचं प्रशस्तिपत्र कामाला येत नाही.

प्रश्न: ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट, म्हणजे ओपन सोर्स प्रकल्पांना पॅच पाठवण्याचा उपक्रम, असतो. गरबा आणि असाइनमेंट यांतून वेळ काढणं अवघड. एआयकडून पॅच लिहून घेतले तर चालेल का?
– कारेलीबाग

उत्तर: प्रकल्पाचे नियम आधी वाचा. जेंटू या लिनक्स प्रणालीने 2024 मध्ये एआयने लिहिलेलं काहीही घ्यायचं नाही असं ठरवलं. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आधी परवानगी घ्यावी लागते. जिथे चालतं तिथेही प्रत्येक ओळ अशीच का, हे रिव्ह्यूत तुम्हालाच सांगावं लागतं, आणि न समजलेल्या कोडची उत्तरं देण्यात वाचवलेला सगळा वेळ परत जातो. हॅक्टोबरफेस्टमध्ये 2020 साली टी-शर्टसाठी निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की तेव्हापासून फक्त स्वतःहून सहभागी होणाऱ्या प्रकल्पांचंच काम धरलं जातं. नवरात्रात गरबा खेळा. पॅच दिवाळीच्या सुट्टीत लिहा, तेव्हा सलग दिवस मिळतात.

प्रश्न: मी शेवटच्या वर्षाला आहे. पायपीआयवर (पायथन पॅकेजांच्या भांडारावर) माझी एक छोटी लायब्ररी आहे, काही अनोळखी लोकही ती वापरतात. प्लेसमेंट आणि प्रोजेक्टमुळे तिच्याकडे बघता येत नाही. एकजण सारखा म्हणतोय, ‘अधिकार मला द्या, मी सांभाळतो’, आणि आणखी दोघे ‘त्याला देऊन टाका’ म्हणून मागे लागलेत. काढूनच टाकू का?
– मांजलपूर

उत्तर: दोन्ही करू नका. तुम्ही वर्णन केलंय तो दबाव ओळखीचा आहे. एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीचा मेंटेनर थकलेला होता. कोणी ओळखत नसलेल्या खात्यांनी त्याच्यामागे घाईचा धोशा लावला, आणि दोनेक वर्षं चांगले पॅच पाठवून विश्वास मिळवलेल्या एका टोपणनावाच्या हाती अधिकार गेले. 2024 मध्ये त्या माणसाने 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा एका अभियंत्याने छडा लावला म्हणून ते उघडकीला आलं. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम हे पॅकेज असंच मागणाऱ्याला दिलं गेलं आणि त्यात बिटकॉइन चोरणारा कोड शिरला. तुमच्याकडे मागणारा प्रामाणिकही असेल, पण नुसत्या मागण्यावरून ते ठरवता येत नाही.

काढून टाकणंही वाईट. 2016 मध्ये लेफ्ट-पॅड हे अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएमवरून (जावास्क्रिप्टच्या पॅकेज भांडारावरून) काढलं आणि जगभरची बिल्ड कोसळली.

डेबियन या लिनक्स प्रणालीत यासाठी ठरलेली रीत आहे. मदत हवी तर ‘आरएफएच’, सांभाळणारा दुसरा हवा तर ‘आरएफए’ आणि पूर्ण सोडायचं तर ‘ओ’, म्हणजे ऑर्फन, अशी जाहीर नोंद बग यादीत केली जाते. यांतलं तुमचं कोणतं, ते ठरवा आणि रीडमीच्या (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीच्या) अगदी वर, तारखेसह, दोन वाक्यांत लिहा. परत येणार असाल तर इथेच थांबा. लायब्ररी सहा महिने शांत राहिली तर काही बिघडत नाही. पूर्ण सोडायचं असेल तर शेवटची आवृत्ती ‘इनॅक्टिव्ह’ या वर्गीकरणासह काढा, मग गिटहबवर रिपॉझिटरी आणि पायपीआयवर प्रकल्प, दोन्ही आर्काइव्ह करा, म्हणजे बंद म्हणून जपून ठेवा. लोकांना जुन्या आवृत्त्या मिळत राहतात आणि मन बदललं तर आर्काइव्ह उठवताही येतं. एखादी आवृत्ती बिघडलेली असेल तर तेवढी ‘यँक’ करा (नव्याने बसवणाऱ्याला ती आपोआप मिळू नये अशी खूण करा), डिलीट नाही.

त्या गृहस्थांना सांगा: आधी काही महिने पॅच पाठवा आणि इतरांच्या पुल रिक्वेस्ट तपासा. पुढे विश्वास बसला तर मर्ज करायचा (बदल मूळ कोडात घ्यायचा) हक्क द्या, पण आवृत्ती प्रसिद्ध करायचा हक्क स्वतःकडेच ठेवा. पायपीआयवर ‘ओनर’ आणि ‘मेंटेनर’ अशा दोन भूमिका आहेत, पण आवृत्ती चढवणं मेंटेनरलाही जमतं, म्हणून तीही घाईने देऊ नका.

आणि ही कामं प्लेसमेंटच्या आधी, या आठवड्यातच उरका. खात्याला कॉलेजचा ईमेल जोडलेला असेल तर बदला; पदवीनंतर तो बंद झाला की पासवर्ड परत मिळवायचा मार्ग संपतो. पायपीआयवर दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं आहे, त्याचे रिकव्हरी कोड कागदावर छापून घरी ठेवा. प्रयोगशाळेतल्या संगणकावर ‘डॉट पायपीआयआरसी’ या पायपीआयच्या सेटिंग फाइलमध्ये जुनं टोकन राहिलं असेल तर फाइल पुसून भागत नाही, पायपीआयवर जाऊन ते टोकनच रद्द करा. पुढच्या आवृत्तीसाठी ‘ट्रस्टेड पब्लिशिंग’ लावा, म्हणजे कायमचं टोकन कुठेच साठवून ठेवावं लागणार नाही.