‘ठाणे’ जोडताना ‘सेम अ‍ॅज’ वापरू नये

आपला प्रश्न मी असा समजलो आहे: महापालिकेच्या दवाखान्यांची यादी, 2011 च्या जनगणनेचे आकडे आणि स्वयंसेवकांनी तयार केलेला नकाशा हे तिन्ही स्रोत आपण आरडीएफमध्ये, म्हणजे माहिती छोट्या छोट्या विधानांत मांडण्याच्या पद्धतीत, आणले, तिन्हींतले ‘ठाणे’ व ‘नवी मुंबई’ आउल या वर्ग व संबंध लिहिण्याच्या भाषेतल्या ‘सेम अ‍ॅज’ने एकमेकांस जोडले आणि आता एका दवाखान्यामागे किती लोकसंख्या येते ते काढू पाहता भलतेच आकडे मिळत आहेत. आपली क्वेरी मला ठीक वाटते. घोळ जोडणीत आहे.

‘सेम अ‍ॅज’ म्हणजे ‘नाव सारखे आहे’ नव्हे, तर ‘ही दोन वेगळ्या नावांची एकच वस्तू आहे’ असे ठाम विधान होय. ते केले की एकीचा प्रत्येक गुणधर्म दुसरीला लागू होतो, आणि हा संबंध साखळीने पुढे जात असल्याने तिसरा स्रोतही त्यात ओढला जातो. जनगणनेतला ठाणे जिल्हा 15 तालुक्यांचा आणि 1 कोटी 10 लाखांहून अधिक वस्तीचा होता. पालघर वेगळा झाल्यावर, म्हणजे 1 ऑगस्ट 2014 पासून, त्यात सातच तालुके उरले. दवाखान्यांच्या यादीतले ठाणे म्हणजे महापालिकेची हद्द, जिची 2011 ची लोकसंख्या सुमारे 18 लाख 41 हजार आहे. नकाशातले ठाणे तर नुसता एक बिंदू. या तिघांना आपण एक ठरवल्यावर संगणकाने आपलेच ऐकले.

नवी मुंबईचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण तिथे कोणताच स्रोत चुकीचा नसतो. सिडको या सरकारी नगरनियोजन कंपनीने आखलेली नवी मुंबई ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील 95 गावांवर उभी राहिली. नवी मुंबई महापालिका 1992 ची. तिची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली हे नोड (सिडकोच्या आखणीतले विभाग) 2016 पासून पनवेल महापालिकेत, आणि जिल्हा रायगड; तरीही तिथला रहिवासी पत्त्यात ‘नवी मुंबई’च लिहितो, आणि ते योग्यच आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कार्यालयात आम्ही ‘खारघर हा नवी मुंबईचा भाग’ आणि ‘नवी मुंबई हा ठाणे जिल्ह्याचा भाग’ अशी दोन निरुपद्रवी वाक्ये लिहिली होती, आणि ‘भाग’ हा संबंध साखळीने जाणारा असे घोषित केले होते. खारघरला राहणाऱ्या एका सहकाऱ्याला स्वतःची इमारत ठाणे जिल्ह्यात सापडली, तेव्हा आमच्या लक्षात आले.

सर्वांना एकच शब्द वापरायला लावणे हे ऑन्टॉलॉजीचे, म्हणजे एखाद्या विषयातल्या वस्तू, वर्ग व संबंधांच्या औपचारिक मांडणीचे, काम आहे, असा समज बराच रूढ आहे. माझ्या मते तिचे खरे काम भेद लिहून ठेवणे हे आहे. म्हणून प्रशासकीय हद्द, नियोजन क्षेत्र आणि बोलण्यातले स्थळनाम असे तीन वर्ग करावेत, प्रत्येकातल्या ‘नवी मुंबई’ला स्वतंत्र ओळख द्यावी, आणि 2014 पूर्वीचा व नंतरचा ठाणे जिल्हा या दोन नोंदी ठेवून ‘विभाजनातून झाला’ असा संबंध लिहावा. आडवे दुवे स्कॉस या संज्ञा एकमेकींस जोडण्याच्या मानकातल्या ‘क्लोज मॅच’ने द्यावेत, तो मुद्दामच साखळीने जात नाही. ‘एक्झॅक्ट मॅच’ मात्र जातो, हे ध्यानात असू द्यावे. स्कीमा डॉट ऑर्गचा, वेबपानांवरील माहितीसाठी केलेला, शब्दसंग्रह दवाखान्याचे नाव, वेळ, फोन यांसाठी पुरेसा आहे. हद्दींसाठी त्यावर विसंबू नये.

आणखी एक सापळा ‘डोमेन’चा, म्हणजे एखादा गुणधर्म कोणत्या वर्गाच्या वस्तूंचा हे सांगणाऱ्या विधानाचा. ‘महापालिका आयुक्त’ या गुणधर्माचे डोमेन ‘महापालिका’ लिहिले, आणि चुकून तो जिल्ह्याला लावला गेला, तर रीझनर, म्हणजे विधानांवरून निष्कर्ष काढणारी प्रणाली, चूक दाखवत नाही. जिल्हाही महापालिकाच असावी असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. डेटाबेसची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला वेळ लागतो. जिल्हा आणि महापालिका हे वर्ग परस्परविभक्त असल्याचे, म्हणजे एकच वस्तू दोन्हींत असू शकत नाही असे, घोषित केले तरच त्याला विसंगती दिसेल. आकडा आहे की नाही, एकच आहे की दोन, ही तपासणी 2017 साली प्रमाणित झालेल्या शॅकल या आरडीएफ माहिती तपासण्याच्या भाषेकडे सोपवावी.

आपले काम अडले असेल तर आजपुरते एवढे करावे: सगळे ‘सेम अ‍ॅज’ काढून टाकावेत, जनगणनेच्या तक्त्यांत ठाणे महापालिकेची ओळ जिल्ह्याहून वेगळी दिलेली असते तीच घ्यावी, आणि दवाखान्यांची यादी फक्त तिलाच जोडावी.