वाचकांचे प्रश्न : सेबन यांच्या अलाबामातील सर्वश्रेष्ठ आक्रमक खेळाडू कोण?

गेल्या अंकात अलाबामा विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक निक सेबन यांच्या कारकिर्दीविषयी लिहिले होते. २००७ ते २०२३ असे सतरा हंगाम त्यांनी हा संघ सांभाळला, त्या काळात सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आणि जानेवारी २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. लेखावर आलेल्या बहुतेक पत्रांत एकाच वादाचा सूर आहे : त्यांच्या हाताखाली खेळलेल्या आक्रमक खेळाडूंमध्ये (म्हणजे चेंडू आपल्या ताब्यात असताना मैदानात उतरणाऱ्या अकरा जणांत) पहिला मान कोणाचा? त्यांतील काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या घरात या विषयावरून दोन तट पडले आहेत. मी २०१५ चा हंगाम डोळ्यांनी पाहिला असल्यामुळे डेरिक हेन्रीच्या बाजूने आहे; विद्यापीठाच्या गावी, टस्कलूसाला शिकणारी माझी मुलगी डिवॉन्टा स्मिथशिवाय दुसरे नाव ऐकून घेत नाही. कृपया आपण निवाडा करावा. (एक वाचक, हंट्सव्हिल, अलाबामा)

उत्तर : निवाडा मुलीच्या बाजूने आहे, पण आपले म्हणणे सहज बाजूला सारण्यासारखे नाही. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या, हेन्रीने २०१५ मध्ये धावून २,२१९ यार्ड मिळवले, २८ टचडाउन केले (म्हणजे तितक्या वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेला) आणि जॉर्जियाच्या हर्शल वॉकरचा १९८१ पासून टिकून राहिलेला १,८९१ यार्डांचा साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा (अलाबामा ज्या विद्यापीठ-गटात खेळते, त्याचा) विक्रम मोडला. वॉकरची बेरीज अकरा सामन्यांची होती आणि हेन्रीची पंधरा सामन्यांची, हा आक्षेप रास्त आहे. मात्र हेन्रीचे मोठेपण त्या बेरजेपेक्षा तिच्या वाटपात आहे. ज्या सामन्यांवर हंगाम अवलंबून होता, नेमक्या त्याच सामन्यांत त्याच्यावर सर्वाधिक भार टाकण्यात आला. एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) त्याने २१० यार्ड काढले, तर समोरचा नावाजलेला लेनर्ड फोर्नेट ३१ यार्डांवर अडला. ऑबर्नविरुद्ध हेन्री ४६ वेळा चेंडू घेऊन धावला आणि त्याने २७१ यार्ड मिळवले. पुढच्याच आठवड्यात फ्लोरिडाविरुद्ध तो आणखी ४४ वेळा धावला. चेंडू कोणाकडे जाणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक असताना, अकरा जणांच्या बचावाला आठवड्याच्या अंतराने असे दोनदा तोंड देणे हे सुमारे ११० किलो वजनाच्या माणसालाही सोपे नाही.

असे असूनही मी स्मिथला वर ठेवतो, आणि त्याचे कारण एका हंगामात सामावणारे नाही. जानेवारी २०१८ मध्ये जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात, जादा डावात दुसऱ्या डाउनला (चारांपैकी दुसऱ्या प्रयत्नाला) २६ यार्ड हवे असताना, क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणाऱ्या, टुआ टॅगोवायलोआने टाकलेला ४१ यार्डांचा पास झेलून ज्याने सामना २६-२३ असा संपवला, तो स्मिथ तेव्हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता आणि त्याआधीच्या संपूर्ण हंगामात त्याच्या वाट्याला मोजकेच झेल आले होते. २०१९ मध्ये त्याच्याबरोबर जेरी ज्युडी, हेन्री रग्ज आणि जेलन वॉडल असे तीन रिसीव्हर (पास झेलणारे) होते, आणि चौघेही पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीत गेले. त्या गर्दीत सर्वाधिक यार्ड मिळवणारा स्मिथच होता : १,२५६. ज्युडी आणि रग्ज व्यावसायिक खेळाकडे वळले, तेव्हा स्मिथने मागे राहून चौथे वर्ष पुरे करण्याचे ठरवले.

त्या चौथ्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, ऑक्टोबरात टेनेसीविरुद्ध पहिल्याच किकऑफवर वॉडलचा घोटा मोडला आणि प्रतिस्पर्ध्यांना स्मिथवर दोन-दोन माणसे ठेवण्याची मोकळीक मिळाली. त्यानंतरही एलएसयूविरुद्ध २३१ यार्ड, फ्लोरिडाविरुद्ध १५ झेल आणि नोत्र दामविरुद्ध तीन टचडाउन अशी त्याची मजल गेली. ओहायो स्टेटविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने केवळ पूर्वार्धात १२ झेल, २१५ यार्ड आणि तीन टचडाउन केले. उत्तरार्धात बोट दुखावल्यामुळे तो जवळजवळ खेळलाच नाही, तरी सामना ५२-२४ असा सुटला. संपूर्ण हंगामाचा हिशेब ११७ झेल, १,८५६ यार्ड आणि २३ टचडाउन असा होतो. १९९१ मधील डेस्मंड हॉवर्डनंतर हाइझमन पुरस्कार (वर्षातील सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूचा मान) मिळवणारा तो पहिला रिसीव्हर ठरला. रिसीव्हरला चेंडू स्वतःहून घेता येत नाही, तो दुसऱ्याने फेकावा लागतो. म्हणून त्याच्या जागेवरून एखादा हंगाम असा ताब्यात घेणे मला हेन्रीच्या पराक्रमापेक्षाही दुर्मीळ वाटते. हेन्रीचे वर्ष एक होते, स्मिथची वर्षे तीन होती.

प्रश्न : मला हा खेळ नव्यानेच कळू लागला आहे. आकडे उपलब्ध असताना एवढा वाद कशासाठी? ज्याचे यार्ड अधिक, तो श्रेष्ठ, असे का मानू नये? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कारण सेबन यांच्या सतरा वर्षांत खेळच बदलला आणि त्याबरोबर त्यांचा संघही बदलला. २००९ मध्ये अलाबामाने अजिंक्यपद मिळवले ते भक्कम बचाव आणि मार्क इंग्रमची धाव यांच्या जोरावर. क्वार्टरबॅक ग्रेग मॅकेलरॉयने त्या वर्षी अडीच हजारांच्या आसपास यार्डांचे पास केले आणि तेवढे पुरेसे होते. २०२० मध्ये मॅक जोन्सने ४,५०० यार्ड फेकले. या दोघांची आकड्यांवर तुलना करणे म्हणजे जुन्या काळातील कसोटीच्या सलामीवीराला ट्वेंटी-ट्वेंटीच्या धावगतीने जोखणे होय.

हा बदल आपोआप घडला नाही. डावांमध्ये उसंत न घेता भराभर खेळ सुरू करण्याच्या नव्या पद्धतीला सेबन यांचा प्रारंभी उघड विरोध होता, आणि २०१२ मध्ये त्यांनी खेळाडूंच्या सुरक्षिततेचा मुद्दा जाहीरपणे मांडला होता. परंतु त्याच वर्षी टेक्सस ए अँड एमकडून आणि २०१३ च्या हंगामाअखेर ओक्लाहोमाकडून झालेल्या पराभवांनी वाऱ्याची दिशा दाखवून दिली. २०१४ मध्ये त्यांनी लेन किफिन यांच्याकडे आक्रमणाची सूत्रे दिली. ज्या पद्धतीविरुद्ध तक्रार केली, तीच साठी ओलांडल्यावर आत्मसात करणारे प्रशिक्षक फार थोडे असतात, आणि त्यांच्या यशाचे अर्धे उत्तर मला येथेच दिसते.

म्हणून इंग्रमचे १,६५८ यार्ड हेन्रीच्या निम्म्यापेक्षा थोडे अधिक दिसतात की पाऊणपट, हा हिशेब फारसा उपयोगाचा नाही. २००९ मध्ये साउथ कॅरोलायनाविरुद्ध पास चालेनासा झाला, तेव्हा शेवटच्या टप्प्यात चेंडू थेट इंग्रमच्या हाती देण्यात आला आणि त्याने एकट्याने संघाला टचडाउनपर्यंत नेले. त्या सामन्यात त्याचे २४६ यार्ड झाले. अलाबामासारख्या जुन्या, मानाच्या संघाला तोवर एकही हाइझमन मिळाला नव्हता. तो पहिला मान त्याचा आहे.

प्रश्न : सेबन यांचे एलएसयू आणि मिशिगन स्टेट येथील खेळाडू आपण का वगळता? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : वाद अलाबामापुरता आहे, एवढेच कारण. व्याप्ती वाढवली तर एलएसयूचा जॉश रीड पहिल्या पाच रिसीव्हरांत नक्की येईल. २००१ मधील त्याचे १,७४० यार्ड हा त्या कॉन्फरन्सचा विक्रम होता, आणि २०१४ मध्ये अलाबामाचा अमारी कूपर त्याच्या अवघा १३ यार्ड मागे राहिला. मिशिगन स्टेटच्या प्लॅक्सिको बरेसचाही विचार करावा लागेल.

प्रश्न : फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये जेलन हर्ट्स सर्वोत्तम खेळाडू ठरला. हेन्रीनेही एनएफएलमध्ये एका हंगामात दोन हजार यार्ड ओलांडले. पुढील कर्तृत्वाला काहीच वजन नाही का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या वादात नाही. विद्यापीठात तीन-चार वर्षे खेळाडू काय करतो, हा आपला प्रश्न आहे. ट्रेंट रिचर्डसनने २०११ मध्ये १,६७९ यार्ड धावून २१ टचडाउन केले आणि अजिंक्यपद मिळवून दिले; एनएफएलच्या निवडीत तो तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि तीन हंगामांत तेथून बाहेर पडला. म्हणून त्याचा २०११ चा हंगाम कमी प्रतीचा ठरत नाही. उलट ज्युलिओ जोन्सने अटलांटाकडून जे केले, त्याच्या प्रकाशात त्याचा अलाबामातील काळ आपण नकळत मोठा करून पाहतो. तो काळ चांगला होता, परंतु आकड्यांत कूपरच्या जवळपासही नव्हता. जोन्सचे खरे महत्त्व निराळे आहे : २००८ मध्ये, सेबन यांनी नुकतीच घडी बसवायला घेतली असताना, राज्यातील सर्वांत गाजलेल्या या मुलाने त्यांच्यावर विश्वास टाकला आणि पुढच्यांसाठी वाट खुली झाली.

हर्ट्सच्या बाबतीत मला थोडी हळहळ वाटते. पहिल्याच वर्षी त्याने संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले, दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्याच्या मध्यंतराला त्याला बसवून टॅगोवायलोआला उतरवण्यात आले, आणि २०१८ मध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात टॅगोवायलोआ जायबंदी झाल्यावर याच मुलाने उतरून त्याच जॉर्जियाला ३५-२८ असे हरवले. स्वभावाचे मोजमाप करायचे असते, तर मी त्याला अव्वल ठेवले असते; खेळाचे मोजमाप करताना मात्र त्याचा पास तेव्हा पुरेसा पिकलेला नव्हता, असेच म्हणावे लागते.

प्रश्न : क्वार्टरबॅकमध्ये आपला कौल कोणाला? आमच्या मंडळातील बहुमत टुआच्या बाजूने आहे. (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : ब्राइस यंगला. टॅगोवायलोआचा २०१८ चा हंगाम देखणा होता : ३,९६६ यार्ड, ४३ टचडाउन, आणि अनेक सामन्यांत चौथ्या सत्रात त्याला खेळवण्याची गरजच उरली नाही. त्याचा पास रिसीव्हरच्या धावण्यात खंड पडू न देता हातात पडत असे. तसा नाजूक हात अलाबामाने दुसरा पाहिलेला नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये नितंबाच्या सांध्याला झालेल्या गंभीर दुखापतीने त्याची तेथील कारकीर्द संपली. मॅक जोन्सची अचूकता तर ७७.४ टक्के होती. पण या दोघांच्या अवतीभवती जे होते, ते यंगला मिळाले नाही. २०२१ ची पुढची फळी (क्वार्टरबॅकला राखणारे आणि धावणाऱ्यासाठी वाट मोकळी करणारे पाच जण) आधीच्या वर्षीच्या मानाने कच्ची होती आणि त्याला वारंवार पळत राहून पास करावा लागे.

ऑबर्नच्या मैदानावरील त्या वर्षीचा सामना पुन्हा पाहावा. दिवसभर आक्रमण ठप्प झालेले, शेवटच्या दीड मिनिटाला चेंडू स्वतःच्या ३ यार्डांच्या रेषेवर, टाइमआउट एकही नाही. तेथून ९७ यार्ड चालून जाऊन यंगने १०-१० अशी बरोबरी साधून दिली आणि चार जादा डावांनंतर सामना २४-२२ असा जिंकला. पुढच्या आठवड्यात त्याने जॉर्जियाच्या, त्या काळातील सर्वांत कडव्या बचावाविरुद्ध ४२१ यार्ड फेकले. राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याच जॉर्जियाने ३३-१८ असा बदला घेतला हे खरे. परंतु तोवर जॉन मेची जायबंदी झालेला होता आणि जेमसन विल्यम्स दुसऱ्या सत्रात बाहेर गेला. अजिंक्यपदे मोजणाऱ्यांनी दोन वेळा विजेता ठरलेल्या ए. जे. मॅकॅरनला जरूर निवडावे. माझी कसोटी एवढीच आहे की, बाकी सगळे बिघडलेले असताना शेवटचे दीड मिनिट कोणाच्या हाती द्यावे.

प्रश्न : या चर्चांत पुढच्या फळीतील धिप्पाड गडी नेहमी विसरले जातात. त्यांना धरून आपला संपूर्ण अकरा जणांचा संघ सांगावा. (एक वाचक, मडगाव, गोवा)

उत्तर : तक्रार अगदी योग्य आहे. या पाच जणांच्या नावावर ना यार्ड लागतात ना टचडाउन, म्हणून वादात त्यांची आठवण निघत नाही. पण २०१२ मध्ये एडी लेसी आणि टी. जे. येल्डन या दोघांनीही एकाच हंगामात हजार यार्डांचा टप्पा ओलांडला, तो त्यांच्यापुढे चान्स वॉर्मॅक, बॅरेट जोन्स आणि डी. जे. फ्लूकर यांच्यासारखी माणसे होती म्हणून. नोत्र दामला त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात ४२-१४ असे लोळवले, त्याचा निकाल पहिल्या काही डावांत या फळीनेच लावला होता.

संघ असा : क्वार्टरबॅक यंग, रनिंग बॅक हेन्री, रिसीव्हर स्मिथ आणि कूपर. २०१४ मध्ये प्रथमच नियमित क्वार्टरबॅक झालेल्या ब्लेक सिम्सकडून कूपरने १२४ झेल घेतले, हे विसरता येत नाही. तिसऱ्या रिसीव्हरच्या जागी ज्युडी की वॉडल हा पेच होता. वॉडलचा मोठा हंगाम दुखापतीने अर्धवट राहिला, म्हणून ज्युडी. टाइट एंड, म्हणजे अडवणारा आणि झेलणाराही, ओ. जे. हॉवर्ड, ज्याने जानेवारी २०१६ मध्ये क्लेमसनविरुद्धच्या अंतिम सामन्यात २०८ यार्ड झेलले. पुढच्या फळीत दोन्ही कडांना टॅकल म्हणून २००८ चा आंद्रे स्मिथ आणि फ्लूकर, त्यांच्या आत गार्ड म्हणून वॉर्मॅक आणि बॅरेट जोन्स.

उरला मधला सेंटर, आणि येथे मला सर्वाधिक वेळ लागला. खरे तर ही जागाही बॅरेट जोन्सलाच देता आली असती, कारण तो गार्ड म्हणून एक, टॅकल म्हणून दुसरे आणि सेंटर म्हणून तिसरे अजिंक्यपद जिंकला, आणि शेवटचे तर पाय दुखावलेला असताना. त्याच अंतिम सामन्यात मोठी आघाडी असूनही डावाच्या वेळेवरून त्याची मॅकॅरनशी बाचाबाची झाली आणि त्याने आपल्याच क्वार्टरबॅकला मैदानावर ढकलले. सेबन यांच्या संघात आघाडी हे ढिलाईचे निमित्त नसे. तो एकाच जागी बसत असल्याने सेंटरसाठी २०१५ चा रायन केली आणि २०२० चा लँडन डिकरसन यांच्यात निवड उरते. दोघांनाही त्या-त्या वर्षी सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन पुरस्कार मिळाला. हेन्रीच्या विक्रमी हंगामात त्याच्यापुढे केली उभा होता, म्हणून ती जागा केलीची.