माउंटन क्लायंबर करताना कंबर आणि मनगटं दुखतात. नवशिक्याने हा व्यायाम कसा करावा?

व्हिडिओ बघून रोज ३० सेकंद जोरजोरात पाय मारता आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते, असं तुम्ही लिहिलंय. मला यात पहिला संशय वेगाचा येतो.

माउंटन क्लायंबर मुळात प्लँक आहे, म्हणजे पालथं होऊन हात आणि चवड्यांवर अंग सरळ तोलून धरणं. फरक एवढाच, की इथे एकेक पाय उचलून गुडघा छातीकडे आणायचा. त्यामुळे आधी हात सरळ ठेवून केलेला प्लँक ३० सेकंद न डगमगता जमतोय का ते बघा. जमत नसेल तर आठवडा-दोन आठवडे तेवढंच करा.

तळवे बरोबर खांद्यांखाली, बोटं पसरलेली. जमीन ढकलल्यासारखा जोर द्या आणि भार नुसत्या मनगटाच्या टोकावर न टाकता बोटांच्या मुळांवरही येऊ द्या. पाय कमरेच्या रुंदीइतके दूर, चवड्यांवर. नजर हातांच्या थोडी पुढे, जमिनीवर. डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ रेष राहिली पाहिजे. आता पोट आवळून श्वास सोडत उजवा गुडघा छातीकडे आणा, पाय मागे ठेवताना श्वास घ्या, मग डावा. एका पायाला साधारण दोन सेकंद द्या. गुडघा कुठपर्यंत आणायचा? पाठीला बाक येणार नाही तिथपर्यंतच. छातीला टेकवायचा अट्टहास नको.

कंबर दुखण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पोट थकलं की ते सैल सुटतं, कंबर खाली झोळीसारखी लोंबते आणि ताण मणक्याच्या खालच्या भागावर येतो. उलट काही जण नितंब उंच करतात. ते सोपं वाटतं, कारण पोटाचं काम निघून जातं! तिसरी चूक पटकन लक्षात येत नाही: पाय मारता मारता खांदे मनगटांच्या मागे सरकतात. दर चार-पाच वेळा हातांकडे एक नजर टाका किंवा मोबाइलवर बाजूने चित्रीकरण करून बघा.

मनगटांसाठी एक सोपा उपाय आहे. भिंतीला टेकवलेल्या जड टेबलाच्या किंवा पलंगाच्या कडेवर हात ठेवून हाच व्यायाम करा. अंग तिरकं झाल्याने हातांवरचा भार घटतो आणि कंबरही सांभाळता येते. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करावी. जमिनीवर करताना मूठ वळून केलं तरी मनगट सरळ राहतं, मात्र खाली मॅट हवी.

(पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर करू नका. पाय मागे सटकतो. मॅटही सरकत नाही ना, ते आधी बघा.)

सुरुवातीला २० सेकंद व्यायाम, ४० सेकंद विश्रांती, अशा ३ फेऱ्या, आठवड्यातून ३ दिवस, आड दिवसाने. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालणं आणि खांदे, मनगटं फिरवणं. भरपेट जेवणानंतर दोन तास तरी थांबा. सेकंद शिल्लक असले तरी कंबर लोंबू लागली की फेरी तिथेच संपवा. पुढच्या आठवड्यांत आधी वेळ ५-५ सेकंदांनी वाढवा, वेग त्यानंतर.

रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, मणक्याच्या गादीचा त्रास किंवा हातापायात मुंग्या, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. स्नायू जळजळणं चालतं. सांध्यात टोचणारी कळ, छातीत दुखणं किंवा चक्कर आली तर लगेच थांबा.