एक रुपयाच्या नाण्यावर 'भारत' दोनदा उठलेलं दिसतंय, हे खरं डबल्ड डाय आहे का?

तुम्ही लिहिलंय की घाटकोपरला भाजीवाल्याने परत दिलेल्या सुट्ट्यांमध्ये २०१३ चं रुपयाचं नाणं मिळालं, त्यावर 'भारत' आणि 'सत्यमेव जयते' दोन-दोनदा दिसतंय, आणि एका व्हिडिओत असल्या नाण्याचा भाव लाखात सांगितलाय. फोटो नीट बघितला. माझ्या मते हे डबल्ड डाय (ठशातच नक्षी दोनदा कोरली गेलेली) नाही, मशीन डबलिंग (नाणं ठोकताना ठसा सरकून आलेलं) आहे. पण मी म्हणतो म्हणून सोडून देऊ नका, भिंग घ्या आणि स्वतः बघा, दहापट दाखवणारं साधं सोनाराचं भिंग पुरतं.

आधी हे होतं कसं ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मं काम झालं. टांकसाळीत नाणं ज्या ठशाने उठवतात तो डाय, आणि डायवर नक्षी उतरवतात ती हबने. हबवर नक्षी उठावाची असते, ती पोलादात दाबली की डाय खोलगट तयार होतो. जुन्या पद्धतीत एका दाबात नक्षी पूर्ण उतरायची नाही, दाबाने पोलाद कडक व्हायचं, मग ते भट्टीत तापवून मऊ करायचं आणि त्याच हबखाली परत ठेवायचं. या दुसऱ्या वेळी डाय केसभर जरी फिरून बसला तरी नक्षी दोनदा कोरली जाते. म्हणजे चूक डायमध्येच बसली, आणि त्या डायखालून जेवढी नाणी निघतील, हजारो असोत, सगळ्यांवर तेच डबलिंग त्याच जागी येणार.

मशीन डबलिंगमध्ये डाय ठीक असतो. तो प्रेसमध्ये थोडा सैल असतो, नाणं ठोकून झाल्यावर उचलताना जरा सरकतो आणि नुकत्याच वर आलेल्या अक्षराची कड दाबून बाजूला ढकलतो.

म्हणून दोन अक्षरं दिसतायत का हे बघू नका, अक्षर भरलंय की खाल्लंय ते बघा. डबल्ड डायमध्ये डायमधली खाच रुंद झालेली असते, त्यामुळे नाण्यावर अक्षर जाड होतं, दोन्ही प्रतिमा गोलसर, उठावाच्या, आणि दोघींच्या मध्ये टोकाला स्पष्ट खाच. मशीन डबलिंगमध्ये अक्षराचाच धातू चेपलेला असतो, म्हणून मूळ अक्षर बारीक होतं आणि बाजूला एक सपाट पायरी दिसते, जमिनीलगत, चकचकीत. तुमच्या फोटोत 'भा'चा काना नेहमीच्या नाण्यापेक्षा बारीक आहे आणि डावीकडे पायरी आहे, तिथेच मला उत्तर मिळालं.

अजून एक गोष्ट, जी परदेशी माहिती वाचून आपल्याकडचे लोक चुकतात. तिकडे सगळे सांगतात अक्षराच्या टोकाची सेरिफ, म्हणजे इंग्रजी अक्षराच्या टोकाला असते ती छोटी आडवी रेघ, दुभंगलीय का बघा. अहो पण देवनागरीला कुठे सेरिफ असते! आपण शिरोरेघेची दोन टोकं बघायची, कान्याचं खालचं टोक बघायचं, आणि काना शिरोरेघेला मिळतो तो कोपरा. खरं डबलिंग असेल तर तिथे माशाच्या शेपटीसारखी फाट दिसते. मग त्याच बाजूचं इंग्रजी 'इंडिया' पण बघा. हब फिरून बसला असेल तर ज्या बिंदूभोवती फिरला तिथून लांब जाल तसं डबलिंग वाढत जातं.

तिसरा प्रकार म्हणजे झिजलेल्या डायचा. डाय खूप चालला की अक्षरांच्या कडा पसरतात, भोवती धुरकट सावलीसारखं दिसतं, बाहेरच्या कडेकडे ओढल्यासारखं, आणि मोकळी जागा संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. फाट कुठेच नसते.

खऱ्या डबल्ड डायचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेचं १९५५ चं लिंकन सेंट, म्हणजे लिंकनचं चित्र असलेलं एक सेंटचं नाणं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत डबल्ड डायने छापलेली नाणी बाकीच्या ढिगात मिसळून गेली, वीस-चोवीस हजार बाहेर पडली असं मानतात. त्यावर तारीख आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दोन दिसतात, मागची बाजू मात्र साधी, कारण मागचा डाय वेगळा असतो. आणि गंमत म्हणजे त्याच १९५५ चं दुसरं एक सेंट आहे, ज्यात शेवटचा ५ डाय झिजल्यामुळे दुहेरी दिसतो, त्याला 'गरिबाचा डबल्ड डाय' म्हणून विकायचे. साल एकच, पण पहिल्याला आज मोठी किंमत आहे आणि दुसऱ्याला जवळपास काही नाही. आता नवीन पद्धतीत हब एकाच दाबात उतरवतात, त्यामुळे असं ढळढळीत डबलिंग दुर्मिळ झालंय, पण नक्षीच्या मध्यभागी बारीक डबलिंग अजून सापडतं.

मी स्वतः फसलोय म्हणून एवढं लिहितोय. बारा-तेरा वर्षांपूर्वी फोर्टात फुटपाथवर १९५७ चा नया पैसा नऊशे रुपयांना घेतला, 'रुपये का सौवाँ भाग' यातली अक्षरं दुहेरी होती, विकणारा ठामपणे डबल डाय म्हणाला. दोन महिने मी तो सगळ्यांना दाखवत होतो. मग गिरगावातल्या एका जुन्या संग्राहक काकांनी शेजारी त्याच सालचा साधा नया पैसा ठेवला आणि म्हणाले, "बघ, तुझी शिरोरेघ बारीक झालीय की जाड?" बारीक होती. मला खूप वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या दोन महिन्यांचं जास्त. तेव्हापासून शेजारी साधं नाणं ठेवल्याशिवाय मी काहीच ठरवत नाही.

तुम्हीही तेच करा, मुंबईत सोपं आहे. तुमच्या नाण्यावर सालाखाली हिरा आहे म्हणजे ते मुंबई टांकसाळीचं (हैदराबादला चांदणी, नोएडाला ठिपका, कोलकात्याला काहीच नाही). दुकानदाराकडून शे-दोनशेची चिल्लर घ्या आणि २०१३ ची, हिरावाली वेगळी काढा. मी एका सालचे तीनेकशे रुपये असे चाळले होते, सात-आठांवर डबलिंग मिळालं, पण प्रत्येकाची दिशा वेगळी, जाडी वेगळी, म्हणजे सगळी मशीनची. उलट दोन नाण्यांवर अगदी तीच फाट, त्याच अक्षरात, त्याच बाजूला सापडली तर मात्र जपून ठेवा.

बघताना ट्यूबलाइट नको, कडेने येणारा एकच दिवा ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा, सपाट पायरी लगेच चमकते. मोबाईलवर झूम करून निर्णय घेऊ नका, कॅमेरा स्वतःच कडा गडद करतो आणि नसलेलं डबलिंग दाखवतो. आणि कृपा करून चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका, घासलेलं नाणं खरं निघालं तरी त्याची किंमत गेली.

लाखाचं म्हणाल तर रजिस्ट्रेशन फी किंवा टॅक्स आधी भरा असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगितलंय की आपण जुन्या नाणी-नोटांच्या अशा व्यवहारात नाही, आणि आपल्या नावाने कोणी फी, कमिशन मागितलं तर द्यायचं नाही.

शक्य असेल तर दिवा आधी डावीकडून आणि मग उजवीकडून ठेवून 'भारत'चे दोन फोटो टाका, शेजारी त्याच सालचं साधं नाणं ठेवून. पायरी दोन्हीत सपाटच दिसली तर नाणं बिनधास्त खर्च करा, आणि शिरोरेघेच्या टोकाला फाट दिसली तर मला लगेच कळवा, मी चुकलो असेन तर इथेच तसं लिहीन.