पियानो ‘खेळत’ का नाहीत?

प्रिय सई,

तुझा मेसेज वाचला. ‘मी पियानो खेळते’ म्हटल्यावर आजी हसली आणि तुझं नाक फुगलं. तुझं म्हणणं असं, की इंग्रजीत क्रिकेट, पियानो, मोबाइलवरचं गाणं, नाटकातलं काम, पत्ते, सगळं एका ‘प्ले’वर भागतं, मग मराठीला इतकी क्रियापदं कशाला लागतात? फोनवर हे अर्धवट राहिलं असतं, म्हणून लिहितोय.

क्रिकेट आपण खेळतो, पियानो वाजवतो, गाणं लावतो, नाटकात काम करतो. पत्ते खेळतो खरे, पण हातातलं एखादं पान ‘खेळत’ नाही. ते टाकतो किंवा उतरतो. झोपेचं किंवा मेल्याचं सोंग घेतो. कुणाची खोडी काढतो. सगळं कळत असूनही काहीच न कळल्यासारखं वागायचं असेल, तर वेड पांघरतो (हा शब्दप्रयोग तुझ्या फार कामाचा आहे, अभ्यासाचा विषय निघाला की पाहतोच मी). या सगळ्या ठिकाणी इंग्रजी माणूस ‘प्ले’ म्हणून मोकळा होतो. मराठी मात्र दरवेळी पाहते, की प्रत्यक्षात घडतंय काय? वाद्यातून नाद निघतोय ना, मग ते वाजवणं.

आणि यात आपण एकटे नाही. इटालियन लोकही पियानो ‘वाजवतात’, म्हणजे त्यातून आवाज काढतात. खेळण्याचं क्रियापद त्यांनी फुटबॉलसाठी वेगळं ठेवलंय. स्पॅनिश बोलणारे तर गिटारला चक्क ‘हात लावतात’. भिंतीला हात लावणं आणि गिटार वाजवणं, दोन्हीला क्रियापद एकच. जर्मन आणि फ्रेंच तुझ्या बाजूने आहेत, त्यांच्याकडे वाद्यही खेळायचं आणि चेंडूही. तेव्हा आजीला हसायचं असेल तर तिला बरंच हसावं लागेल.

इंग्रजीने एवढं सगळं एका शब्दात कोंबलं कसं? ‘प्ले’ हा शब्द १००० वर्षांहून जुना आहे, आणि जुन्या इंग्रजीतही तो फक्त मुलांच्या खेळाचा नव्हता. चपळ हालचाल हाही त्याचा अर्थ होता. तलवारींच्या चकमकीलाही हाच शब्द जोडत, आणि त्यात खेळण्यासारखं काही नव्हतं, माणसं मरत. ही हालचाल त्या शब्दातून अजून गेलेली नाही. पाण्यावर ऊन ‘प्ले’ करतं. गाडीचं स्टिअरिंग जरासं फिरवूनही चाकं वळली नाहीत, की मेकॅनिक म्हणतो, ‘स्टिअरिंगला प्ले आहे.’ सुटे भाग एकमेकांत घट्ट बसलेले नाहीत, मधे हलायला जागा आहे, एवढाच त्याचा अर्थ. मला तर वाटतं, ‘प्ले’चे निम्मे अर्थ या मोकळ्या जागेतूनच निघाले असावेत.

आता मराठीकडे बघ. खिडक्या समोरासमोर असल्या की घरात हवा खेळती राहते. हातात पैसा खेळतो. धंद्यात यंत्रं नि इमारती यांत न अडकता रोज येणारा-जाणारा जो पैसा असतो, ते खेळतं भांडवल. इंग्रजीत तेच भांडवल ‘वर्किंग’, म्हणजे काम करणारं! तेव्हा आपलं खेळणं काही मैदानापुरतं नाही. सर्कशीचा खेळ असतो, जादूचा असतो, कळसूत्री बाहुल्यांचा असतो, सिनेमाचाही ‘पहिला खेळ’ असतो. नाटकाचा तेवढा प्रयोग. त्यामुळे नाटकाला इंग्रजीत ‘प्ले’ म्हणतात याचं मला तुझ्याइतकं नवल वाटत नाही.

पण माझा सगळ्यात लाडका शब्द आहे ‘खेळवणं’. आपण खेळलो तर खेळणं, दुसऱ्याला खेळायला लावलं तर खेळवणं. बाळाला मांडीवर खेळवतात. शेतात पाटाचं पाणी खेळवतात, म्हणजे वाफ्यावाफ्यातून फिरवतात. चांगला फिरकी गोलंदाज फलंदाजाला षटकभर खेळवतो नि मग उडवतो. काम करायचं नसलेला माणूस ‘उद्या या’ म्हणत समोरच्याला महिनोन्‌महिने खेळवतो. ‘बाळाला प्ले केलं’ असं इंग्रजीत म्हणता येत नाही, म्हणून इथे मराठीची सरशी झाली असं मी बरेच दिवस समजत होतो. पण गळाला लागलेला मोठा मासा एकदम ओढला तर दोरी तुटते. म्हणून कोळी कधी दोरी सैल सोडतो, कधी ताणतो, आणि मासा दमला की वर घेतो. याला इंग्रजीत मासा ‘प्ले’ करणं म्हणतात. हुबेहूब आपलं खेळवणं.

तुझा,
बाबा